शानबोरच्या खिशातला पिक

शानबोरच्या शवपेटीचं झाकण लावायच्या आधी मी त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात त्याचा गिटारच्या तारा छेडायचा पिक सरकवला, आणि ते कुणालाच सांगितलं नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. शिलाँगच्या जायाओ भागातल्या त्यांच्या घरात माणसं मावत नव्हती. अंगणात मंडप घातला होता आणि चर्चची मंडळी सकाळपासून भजनं म्हणत होती. शानबोर नोंगब्री माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, चोपन्नचा. सत्तावीस वर्षं आम्ही तिघं एकत्र वाजवत होतो. त्याची गिटार, माझा बेस, आणि किटबोक ड्रम वाजवता वाजवता गायचा. शेवटचा कार्यक्रम जोवाईला झाला. सामान गाडीत चढवताना ॲम्प्लिफायर उचलायला दोन्ही हात हवेत म्हणून शानबोरने पिक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "धर जरा." मी तो जॅकेटच्या खिशात टाकला. परत मागायचं त्याच्याकडून राहिलं, द्यायचं माझ्याकडून. चौथ्या दिवशी त्याचं हृदय बंद पडलं.

माझ्याकडे काळं गरम जॅकेट एकच आहे. तेच घालून मी त्याच्या पेटीजवळ उभा होतो. थंडीने हात खिशात गेला तर बोटांना तो लागला. मी बाहेर काढला नाही. भजनं चालू होती तेवढा वेळ, तासभर तरी, मी अंगठ्याने तो चोळत राहिलो. मग त्याची बहीण त्रिमाई, जिला आम्ही मानाने काँग म्हणतो, शाल आणायला आत गेली आणि दोन मिनिटं पेटीजवळ मी एकटाच राहिलो. मला वाटलं, त्याचा आहे, त्याच्याबरोबर जाऊ दे. त्या घरची धाकटी मुलगी त्रिमाई. आम्हा खासींमध्ये वारसा धाकट्या मुलीकडे जातो; घर, घरातलं सामान, मेलेल्या भावाच्या वस्तू, सगळ्यावर तिचा शब्द चालतो. तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत किटबोकने ठरवलं, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मावप्रेमच्या फुटबॉलच्या मैदानावर शानबोरच्या नावाने कार्यक्रम करायचा. दुपारी चारला, म्हणजे म्हाताऱ्यांनाही येता येईल. त्याचीच दहा गाणी, त्याचीच गिटार. वाजवणार कोण, तर त्याची भाची, त्रिमाईची मुलगी इबारी.

इबारी सत्तावीसची. लाबानच्या एका शाळेत गणित शिकवते. नवव्या वर्षी मामाच्या मांडीवर गिटार शिकली आणि पुढे स्वतःच्या वाटेने गेली. हलकं, भरभर वाजवते, हात भिंगरीसारखा फिरतो. आम्ही विचारलं तेव्हा ती आधी नाही म्हणाली. मग तिला वाटलं, आपण नाही म्हटलं तर ऐझॉलहून कुणाला तरी बोलावतील. म्हणून हो म्हणाली.

किटबोकच्या घरामागे पत्र्याची खोली आहे, तिथे आमचा सराव. पहिल्या दिवशी इबारीने दहाही गाणी वाजवली. एक सूर चुकला नाही. संपल्यावर किटबोकने काड्या मांडीवर ठेवल्या. तो म्हणाला, "बरोबर आहे सगळं. फक्त तो नाहीये."

त्याचं म्हणणं खरं होतं. इतरांच्या गिटारवर तारेला पिक लागल्याची आधी 'टक्' येते आणि मग सूर येतो. शानबोरच्या हातात ती टक् नव्हतीच. त्याचा सूर कुठून सुरू झाला ते कळायचं नाही. लक्ष जाईपर्यंत तो खोलीत आलेला असायचा. आणि इथे गिटार त्याचीच होती, तारा त्याच जातीच्या होत्या, ॲम्प्लिफायरही त्याचाच. शानबोर त्याची बटणं कुठे फिरवून ठेवायचा ते लास्टिंगने लाल नेलपॉलिशने कधीचं लिहून ठेवलं होतं. लास्टिंग आमच्या वायरी, स्पीकर, सगळं सांभाळायचा. म्हणजे आता फरक कशात? हातात आणि पिकमध्ये.

गिटारच्या पेटीत पिकचं एक पाकीट होतं. तपकिरी, मध्यम जाडीचे, पोलीस बाजारच्या दुकानात अख्खं शिलाँग घेतं तेच. इबारीने सगळ्यात आधी ते वाजवून पाहिले. टक् टक् टक्. ते नव्हेत हे आम्हाला लगेच पटलं. शानबोरकडे काहीतरी वेगळं असणार, हे तसंही सगळे धरूनच चालले होते. वाजवताना त्याच्या मुठीतून पिक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर दिसायचा. कुणी विचारलं की मूठ बंद करून म्हणायचा, "आजीचं नख आहे, मरताना देऊन गेली."

मी तिथे बेस खांद्यावर घेऊन उभा होतो. वेगळं जे काही होतं ते मी जमिनीत पुरून आलो होतो.

मी बोटांनी वाजवतो. पिक हा प्रकार मी आयुष्यात वापरला नाही, त्यामुळे आपण खिशात चोळत होतो ते काय होतं, हे मला खरंच कळलं नव्हतं. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर पाच मिनिटांची शरम होती. पण किटबोक म्हणाला, घरात शोधू, सापडेल. इबारी म्हणाली, नाही सापडला तर तसाच दुसरा मिळेल. मी म्हणालो, हो, मिळेल की.

मग त्या मुलीने जे सुरू केलं ते मला बघवत नव्हतं. दर गुरुवारी आणि रविवारी ती यायची आणि खिशातून मूठभर पिक काढून ॲम्प्लिफायरवर पसरायची. पातळ पिक तारेवर कागदासारखे फडफडायचे. जाड वापरले की सूर भरायचा, पण तिचा भरभर चालणारा हात तारांत अडकायचा. नायलॉनचे मऊ होते, त्यांनी टक् कमी झाली आणि सूरही झोपला. जॅझवाले वापरतात तो छोटा काळा जाड पिक जवळ गेला. आम्ही दोन गाणी आशेने वाजवली, तिसऱ्यात तो तिच्या घामेजल्या बोटांतून उडून ड्रमखाली गेला. इउदुहच्या बाजारात शिंगाचे कंगवे करणाऱ्या माणसाकडून तिने म्हशीच्या शिंगाचा एक घासून घेतला. स्मित गावच्या एका दुईतारा वाजवणाऱ्याने तिला आपला लाकडी पिक दिला. दुईताराला रेशमाच्या तारा असतात. गिटारच्या पोलादाने त्या लाकडाचं दोन गाण्यांत दातकोरणं केलं. तिच्याकडे एक वही होती. जाडी, पदार्थ, टोक कसं, गिटारच्या घोडीजवळ वाजवला की तारांच्या मध्यावर, पुढे शेरा. सगळे शेरे एकच: 'नाही'.

मार्च लागला. आमच्याकडे मार्चमध्ये वारा सुटतो तो थांबत नाही. पत्रे खडखडत राहतात, धूळ उडते, पाइनच्या सुया दाराखालून घरात येतात. इबारी गाण्याच्या मध्येच पिक बदलायची. वाजवत नसली तरी तिचा अंगठा पहिल्या बोटावर घासत असायचा. जाड पिक दाबून धरून तिचं मनगट सुजलं, तिने पट्टी बांधली. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू कसा धरला की आवाज करत नाही तेच बघत बसते, असं तिनेच मला सांगितलं आणि हसली. मला हसता आलं नाही. मीही पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात खुर्चीवर टिकत नव्हतो. बिलांची फाइल उघडायची, मिटायची, खाली जाऊन लाल चहा प्यायचा, परत वर. बायको म्हणाली, "पोटात जंत झालेत का तुम्हाला?"

किटबोक रागीट नाही, पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली की निघत नाही. त्याने हिशेब मांडला: जोवाईला शेवटच्या गाण्यापर्यंत पिक शानबोरच्या हातात होता, हे शंभर लोकांनी पाहिलं. घरात तो नाही, गिटारच्या पेटीत नाही, गाडीत नाही. स्टेज कुणी आवरलं? लास्टिंगने.

मार्चच्या शेवटच्या रविवारी लास्टिंग खोलीत बसून वायरीला डाग देत होता. किटबोक त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "आठवण म्हणून ठेवला असशील तर ठेव, आम्ही काही बोलणार नाही. पण कार्यक्रमापुरता आण."

लास्टिंगने आधी नीट कळून घेतलं की बोलणं आपल्याशीच चाललंय. मग डाग द्यायचं यंत्र खाली ठेवलं, त्याचं बटण बंद केलं.

"पंधरा वर्षं तुमच्या वायरी गुंडाळल्या, किटबोक. आता तुम्हीच गुंडाळा."

टोपी घालून तो निघून गेला. इबारी माझ्याकडे बघत होती, कदाचित मी काही बोलेन म्हणून. मी वरची तार लावत बसलो. ती आधीच लागलेली होती.

त्या गुरुवारी मी लवकर गेलो तर इबारी माझ्याही आधी आलेली. गिटार पेटीतच होती. ती म्हणाली की ती किटबोकला सांगणार आहे, ऐझॉलचा माणूस बोलवा. दोन आठवडे आहेत, त्याला जमेल. मी विचारलं, का. तर म्हणाली, काल ती लास्टिंगच्या घरी गेली होती. तिला नुसतं सांगायचं होतं की मी तुम्हाला चोर समजत नाही. पण त्याने तिला बोलूच दिलं नाही. कपाटाचे तिन्ही खण काढून त्याने पलंगावर उलटे केले. बायकोसमोर. स्क्रू, फ्यूज, जुनी पत्रं, मुलीचे दुधाचे दात. म्हणाला, बघून घे, बाई, आणि जाऊन सांग.

"मामाचा आवाज काढायच्या नादात मी एका भल्या माणसाच्या घराची झडती घेतली," इबारी म्हणाली. "मला नको आता तो आवाज."

मी खाली बसलो. म्हणालो, "लास्टिंगकडे नाहीये तो. मामाच्याच कोटाच्या खिशात आहे. मी ठेवला, पेटी बंद करायच्या आधी."

तिला समजायला वेळ लागला. पत्रा दोनदा खडखडला.

"तुम्ही ठेवला."

"हो."

"आणि तुम्ही दीड महिना इथे उभे राहून मला बघत होतात."

मी मान खाली घातली. मला वाटलं, ती उठून जाईल. गेली असती तर मला सोपं होतं. पण ती गणिताची मास्तरीण आहे. तिने वही उघडली आणि मुलाला फळ्याजवळ उभं करतात तसं मला विचारायला लागली. रंग कोणता? तपकिरी. जाडी? मी म्हणालो, मला जाडीतलं कळत नाही. तिने गिटारच्या पेटीतल्या पाकिटातला एक माझ्या हातात दिला. म्हणाली, डोळे मिटा, खिशात हात घाला, आणि चोळा. एवढाच होता का?

मी डोळे मिटले. अंगठा फिरवला. जाडी एवढीच होती. आकारही हाच. "हाच आहे," मी म्हणालो. "पण हा नव्हे. तो असा नव्हता."

"कसा होता?"

"एका अंगाने झिजलेला. साबणाची वडी झिजते तसा उतार होता."

"टोक झिजलं होतं."

"नाही. टोक चांगलं टोचत होतं. नव्यासारखं. वरचा भाग झिजला होता, इथला." मी डोळे उघडून दाखवलं. पिकला खाली एक टोक असतं आणि वर दोन गोल खांदे. झीज होती ती एका खांद्याला.

इबारी माझ्या अंगठ्याखालच्या त्या जागेकडे बघत राहिली. मग तिने माझ्या हातातून पिक घेतला, दाराबाहेर गेली आणि सिमेंटच्या पायरीवर उकिडवी बसून त्याचा खांदा तिरका घासायला लागली. चार-पाच मिनिटं ती घासत होती, मधूनच गालाला लावून बघत होती. आत आली, गिटार काढली, पिक उलटा धरला. टोक तळहातात, खांदा तारेकडे. आणि पहिल्या गाण्याची पहिली ओळ वाजवली.

टक् नव्हती. तो खोलीत आला होता.

किटबोक अंगणातून धावत आला आणि दारात थबकला. त्याच्या हातात तोंड पुसायचा टॉवेल होता. तो टॉवेल तसाच डोळ्यांना लावून तो बाहेर निघून गेला.

मला वाटलं, आता इबारी हसेल. तिने ओळ पूर्ण केली आणि गिटार बाजूला ठेवली. "म्हणजे पहिल्याच दिवशी माझ्या हातात होता," ती म्हणाली. "फक्त उलटा धरायचा होता." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "किटबोकला आज सांगा. लास्टिंगना उद्या. आणि आईला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. तोवर मी मैदानावर येणार नाही."

किटबोकला सांगितलं. तो त्याच संध्याकाळी लास्टिंगकडे जाऊन आला. दुसऱ्या दिवशी मी गेलो. लास्टिंगने मला घरात घेतलं, चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "किटबोकला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं." एवढंच. फाटकापर्यंत सोडायला आला नाही.

काँग त्रिमाईकडे जायला मला आणखी तीन दिवस लागले. ती स्वयंपाकघरात चुलीजवळ सुकी मासळी भाजत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिने मासळी उलटली, पलटली, मग पातेलं खाली घेतलं.

"तो कोट मी इस्त्री केला होता," ती म्हणाली. "सगळे खिसे रिकामे केले. तिकिटं, काड्या, सुपारीचा चुरा. मला वाटत होतं, निदान एकदा तरी तो रिकाम्या खिशाने जावा. सत्तावीस वर्षं तुमची ती गिटारच त्याच्या खिशात होती. लग्न टिकलं नाही, नोकरी टिकली नाही. माझ्या हातात फक्त तो कोट होता, बानशान."

मी म्हणालो, मला विचारायला हवं होतं.

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

ती अजून काही बोलेल म्हणून मी थांबलो. तिने पितळी डबा पुढे ओढला, सुपारी कातरली, पानाला चुना लावला आणि माझ्यापुढे धरलं. दारी आलेल्याला आम्ही ते देतोच, त्यामुळे तिने माफ केलं की नुसता रिवाज पाळला, ते मला आजही सांगता येणार नाही. मी पान घेतलं. उतारावरून खाली येईपर्यंत ते चावायचं मला सुचलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मैदान भरलं होतं. लास्टिंगने ॲम्प्लिफायर दुरुस्त करून टॅक्सीने पाठवला, वायरी नीट गुंडाळून, प्रत्येकीला चिठ्ठी लावून. स्वतः आला नाही. किटबोक आणि मी ते सगळं जोडायला दीड तास धडपडत होतो आणि तरी डावा स्पीकर शेवटपर्यंत गुणगुणत राहिला. इबारी हाताची पट्टी सोडून आली. काँग त्रिमाई पुढच्या रांगेत होती, मांडीवर हात ठेवून.

इबारीने दहाही गाणी त्याच्या आवाजात वाजवली. चौथ्या गाण्याला माणसं रडायला लागली. मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, शानबोर आलाय रे. मी इबारीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती स्वतःच्या हाताकडे असं बघत होती की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. माझी बोटं घसरली, दोन ठिकाणी. पुढच्या रांगेत त्रिमाईने एकदाही मान वर केली नाही, पण ती उठूनही गेली नाही. दहावं गाणं संपलं तेव्हा ती स्टेजजवळ आली, मुलीच्या हातातून तिने तो पिक मागून घेतला आणि आपल्या बटव्यात टाकला.

आता आमचं वाजवणं संपलं, असं मी धरून चाललो होतो. आमच्यासारख्यांचं आता काय राहिलं होतं? पण पुढच्या गुरुवारी पत्र्याच्या खोलीत जातो तर इबारी तिथे. स्वतःची गिटार घेऊन आलेली. खिशातून तिने पातळ, कागदासारखा पिक काढला, तोच, ज्याच्यापुढे वहीत 'नाही' लिहिलं होतं, आणि भरभर काहीतरी सुरू केलं, मी कधी न ऐकलेलं. सगळी टक् टक् टक्.

किटबोक म्हणाला, "हे काय मधमाश्या उठल्यासारखं?"

"हे माझं," ती म्हणाली. "मामाचं तुम्हाला एक दिवस दिलं. याच्यावर वाजवायचं तर वाजवा, नाहीतर मी शाळेतल्या पोरींना घेऊन वाजवते."

किटबोकने कुरकुरत काड्या उचलल्या. मी बेस खांद्याला लावला आणि शिरायला जागा शोधू लागलो. तिच्या त्या चालीत मला उभं राहायला जागाच सापडत नव्हती. मी पाय ठेवायचो तोवर ती पुढे गेलेली असायची. ती थांबली नाही, आणि माझ्याशी अजून धड बोलतही नव्हती. पण चौथ्या फेरीला तिने वळून मानेने खूण केली, इथे या. मी गेलो, चुकलो, पुढच्या फेरीला परत गेलो.